डावं कोपर

पॉलेट: मी फक्त एवढंच विचारलं, की दारात पोराची गाडी कशी उभी आहे. तू दाढीपासून सुरुवात केलीस.

वेंडेल: क्रमाने सांगतोय. पाचला उठलो, गजर व्हायच्या आधी. कॉफी चढवली. खिडकीबाहेरचा पारा बघितला, गोठायच्या जरासा वर. वारा सरोवराकडून होता. म्हणजे उजव्या बाजूला उंच मारलेला चेंडू आज कुंपणाच्या आतच पडणार. मग दाढी केली. दोन अंडी उकडली, एक खाल्लं. सहाला दहा कमी असताना पेपर घ्यायला दार उघडलं, तर गाडी. इंजिन बंद, काचांवर आतून वाफ. तो मागच्या सीटवर, पाय पोटाशी घेऊन झोपलेला.

पॉलेट: आणि तू?

वेंडेल: मी पेपर उचलला.

पॉलेट: वेन!

वेंडेल: उचलला, आणि मग काचेवर टकटक केलं. तो म्हणाला, 'झोपू द्या, दोन दिवस गाडी चालवलीये.' मी म्हटलं, आत येऊन झोप. आला. बूट दारातच काढले आणि सरळ वर गेला. सहा वाजून चार मिनिटं झाली होती. सहा वाजून नऊ मिनिटांनी मी दुसरं अंडं खाल्लं.

पॉलेट: पोरगा फ्लोरिडाहून गाडी हाकत आला आणि तू दुसरं अंडं खाल्लंस.

वेंडेल: मग काय करायला हवं होतं?

पॉलेट: विचारायला हवं होतं. काढलं का तुला, म्हणून.

वेंडेल: ते काय विचारायचं? बेसबॉलच्या सराव शिबिराचा शेवटचा आठवडा आहे. ज्याला ठेवतात तो मुख्य संघाबरोबर विमानाने इकडे येतो, नाहीतर खालच्या संघाच्या गावी जातो. कपड्यांच्या पिशव्या गाडीत कोंबून बापाच्या दारात कोण येतं?

पॉलेट: हे तू हवामान सांगावं तसं सांगतोस.

वेंडेल: तू रात्रभर कामावर होतीस. बस जरा. कॉफी घे.

पॉलेट: एकशेदहा म्हाताऱ्यांच्या नाश्त्याची ताटं लावून आलेय मी, तिथेही कोणी इतक्या थंडपणे बोलत नाही. आणि त्यांना तर मरायचंय. काय वाचतोस एवढं?

वेंडेल: यादी. आपल्या हेरन्स संघाने सव्वीस जणांची यादी दिलीय.

पॉलेट: त्याचं नाव शोधतोयस?

वेंडेल: नाही. ते नसणार हे… बघ, टावारेसला घेतलंय. दुसरा कॅचर म्हणून, चेंडू झेलायला.

पॉलेट: आपल्याकडे नाताळला आला होता तो? विमान रद्द झालं म्हणून?

वेंडेल: तोच. आणि चेंडू फेकणाऱ्या बदली पिचरमध्ये डावखुरा एकच, लिंडक्विस्ट. मार्चमध्ये आणला टेक्ससकडून. त्याला बघितलं मी टीव्हीवर, पॉलेट. खरंच चांगला आहे. चेंडू हातातून सुटेपर्यंत दिसतच नाही. मागच्या ऑगस्टमध्ये असा एक जण असता ना…

पॉलेट: लाज वाटू दे. तुझ्या पोराच्या जागेवर आलाय तो.

वेंडेल: चांगला आहे एवढंच म्हणतोय. मागच्या वर्षी एका सामन्याने हुकलं आपलं. एका! कारण त्या शेल्बीने खांदा दुखतोय हे सहा आठवडे लपवलं. आठव्या इनिंगमध्ये त्याला आणला आणि त्याने काय टाकलं? पाव. लोण्यासकट. समोरच्याने आयता कुंपणापार मारला. यंदा तसं होऊ नये एवढंच माझं म्हणणं आहे. सुरुवातीचे तीन पिचर तगडे आहेत, मधल्या फळीत तो नवा पोरगा आहे. कोणी काही लपवलं नाही, तर यंदा ऑक्टोबरच्या अंतिम फेऱ्या बघू आपण.

पॉलेट: तू आज जाणार आहेस.

वेंडेल: एक वाजताचा सामना आहे. साडेअकराला निघावं लागतं.

पॉलेट: मी वेळ नाही विचारली.

वेंडेल: चौतीस वर्षं झाली. घरचा पहिला सामना मी एकदाही…

पॉलेट: मला सांगतोस? मला प्रसूतिगृहात सोडून गेलास आणि आलास तो सातव्या इनिंगनंतर. नर्सने विचारलं, बाप कुठे आहे? मी म्हटलं, सामना बरोबरीत असेल.

वेंडेल: बरोबरीत नव्हता. आपण पाच धावांनी मागे होतो, म्हणून तर आलो.

डेमियन: त्या सामन्यात कोण किती मागे होतं, ते वर खोलीतसुद्धा ऐकू आलं. भिंती अजून तशाच पातळ आहेत.

पॉलेट: उठलास? ये, बस. अंडी करू?

डेमियन: कॉफी दे. नको, डावीकडे नको ठेवू, आई. इकडे.

पॉलेट: हात वाकत नाही?

डेमियन: दोन दिवस गाडी चालवून आखडलाय.

वेंडेल: रस्ता कसा होता?

डेमियन: लांब.

वेंडेल: केंटकीत बर्फ पडलं म्हणत होते.

डेमियन: बाबा, विचारा ना. काही होत नाही. परवा सकाळी सव्वासातला झालं. तिथे कपडे सांभाळणारा एक म्हातारा आहे. शेवटच्या आठवड्यात तो सकाळी दारात उभा राहतो. तुमच्या खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, साहेबांनी बोलावलंय. लगेच सगळे खाली वाकून बूट बांधायला लागतात. ज्यांचे बांधलेले असतात तेसुद्धा.

पॉलेट: काय म्हणाले साहेब?

डेमियन: आधी म्हणाले, वेग उतरलाय. मी म्हटलं, मार्चमध्ये माझा नेहमीच उतरलेला असतो, मेमध्ये चढतो. मग त्यांनी पुढचा कागद उलटा केला आणि वाचून दाखवलं. 'हिवाळ्यातल्या सरावात पंचविसाव्या चेंडूनंतर हात झटकतो. दोन गोळ्या घेऊन उतरतो. कोणाला सांगत नाही.' म्हणाले, कोपर दुखणं हा गुन्हा नाही, लपवणं आहे. मागच्या ऑगस्टनंतर लपवणारा पिचर आम्हाला नको.

पॉलेट: आणि तू काय म्हणालास?

डेमियन: काय म्हणणार? खरंच होतं ते. सही केली. बाहेर आलो तर टावारेस समोर, हसत उभा. त्याला तेव्हाच कळलं होतं ना, तो मुख्य संघात गेला म्हणून. मला मिठी मारायला आला.

पॉलेट: मग?

डेमियन: मग मी त्याला जे म्हणायचं ते म्हटलं. सगळ्यांसमोर. चुगलखोर म्हटलं. तुझी जागा पक्की व्हावी म्हणून माझं कोपर विकलंस, म्हटलं.

पॉलेट: अरे, तो पोरगा या टेबलावर बसून माझ्या हातचं कोबीचं सूप तीन वेळा मागून प्यायला! आंबट आहे म्हणून तोंड वाकडं करत होता आणि पीत होता!

डेमियन: दुसरं कोण असणार, आई? शिबिरात माझे चेंडू तोच झेलायचा. आणि कोपर दुखतंय हे मी एकट्या त्याला सांगितलं होतं, फोनवर, जानेवारीत. शिबिरात गोळ्यासुद्धा त्यानेच आणून दिल्या होत्या. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. मला वाटलं, नाटक करतोय.

पॉलेट: तू त्याला पंचवीस म्हणून सांगितलं होतंस?

डेमियन: काय?

पॉलेट: पंचविसाव्या चेंडूनंतर. हा आकडा तू त्याला दिला होतास?

डेमियन: दुखतंय म्हणून सांगितलं होतं. आकडा कुठला? फेकणारा कधी मोजत नाही, मोजायला दुसरी माणसं असतात.

पॉलेट: वेन.

वेंडेल: काय?

पॉलेट: तू दुसरं अंडं किती वाजता खाल्लंस?

वेंडेल: सहा वाजून…

पॉलेट: बस्स. पुढचं आता त्याला सांग. मला नको.

डेमियन: बाबा?

वेंडेल: लाइल होता. लाइल प्रुइट.

डेमियन: क्लबसाठी पोरं हेरत फिरतो तो लाइल?

वेंडेल: ज्याने तुला शाळेच्या मैदानावर पहिल्यांदा बघितलं तो. ईस्टरआधीचा उपासाचा शुक्रवार होता. चर्चच्या तळघरात माशांचं जेवण असतं ना, तिथे. मी ताट घेऊन बसलो आणि तो समोर येऊन बसला. कोबी फार आंबलाय म्हणाला. मग म्हणाला, पोराचा हिवाळा कसा गेला?

डेमियन: 'चांगला गेला.' दोन शब्द आहेत, बाबा.

वेंडेल: तेच म्हणणार होतो.

डेमियन: मग?

वेंडेल: त्याने सरळ विचारलं होतं. आणि तुला माहीत आहे, चेंडू रेषेच्या आत की बाहेर, हे मी आयुष्यात कधी खोटं सांगितलं नाही. शेजारच्या माणसालाही नाही, आपलं नुकसान होत असलं तरी नाही. मला वाटलं, त्यांच्याकडे डॉक्टर आहेत. बघतील, दोन महिने विश्रांती देतील. बरा होशील.

डेमियन: डॉक्टरकडे जायचं तर मला सांगायचं होतं. मी समोरच होतो. गॅरेजमध्ये, रोज संध्याकाळी. तुम्ही हातमोजा घालून बसलेले आणि मी फेकतोय. प्रत्येक चेंडूला काय म्हणत होतात?

वेंडेल: छान.

डेमियन: पंचविसाव्यालासुद्धा?

वेंडेल: छान म्हटलं. तुला वाईट वाटलं असतं.

पॉलेट: ऐका! घरात छान आणि तळघरात खरं.

डेमियन: आई, थांब. बाबा, डॉक्टरचं राहू द्या. ते तुम्ही नंतर जुळवलंय. खरं काय होतं?

वेंडेल: खरंच सांगतोय.

डेमियन: मी तुम्हाला सत्तावीस वर्षं ओळखतो. परवा पूर्ण होतील. तुम्ही अंदाजे काहीही सांगत नाही. तो माशाचा तुकडा तोंडात होता आणि लाइलने विचारलं, तेव्हा डोक्यात काय आलं?

वेंडेल: ऑगस्ट.

डेमियन: म्हणजे?

वेंडेल: ऑगस्ट दिसला मला. आठवी इनिंग. दोन बेसवर त्यांची माणसं आहेत. आपण एका धावेने पुढे आहोत. आणि संघ एका डावखुऱ्याला बोलावतोय, त्याच्यावर भरवसा ठेवून. आणि मी माझ्या जागेवर बसलोय, आणि मला माहीत आहे की याचे पंचवीस चेंडू उतरण्याआधीच्या सरावातच संपलेत. त्यांना माहीत नाही. मला ते सहन झालं नाही.

डेमियन: तो डावखुरा मी होतो, बाबा.

वेंडेल: हो.

डेमियन: म्हणजे मी जन्मात पहिल्यांदा त्या मैदानावर पाय ठेवतोय. लहानपणापासून ज्याच्यासाठी मेलो ते मैदान. आणि तुम्हाला बसल्या जागी भीती वाटली ती माझी नाही. संघाची.

वेंडेल: आता मी खोटं कसं सांगू?

पॉलेट: सांगितलं असतंस तर बिघडलं नसतं. आयुष्यात एकदा.

वेंडेल: पॉलेट, त्याचं कोपर खरंच गेलंय. मी सांगितलं म्हणून नाही गेलं. मे महिन्यात तो उतरला असता आणि चाळीस हजार लोकांसमोर…

पॉलेट: उतरला तर असता! एकदा तरी उतरला असता. मग गेलं असतं तर गेलं असतं. त्याचं होतं ते. तू का ठरवलंस?

डेमियन: ओरडू नको, आई. त्यांचं बरोबर आहे. तेच तर वाईट आहे. चुकीचं सांगितलं असतं तर मी आता दोन शिव्या घालून मोकळा झालो असतो.

वेंडेल: घाल ना. मी काही म्हणणार नाही.

डेमियन: किती वाजले?

वेंडेल: दहा वाजून पन्नास.

डेमियन: तुमचं घड्याळाकडे लक्ष आहे.

वेंडेल: तू विचारलंस म्हणून बघितलं. मी नाही जाणार आज. तिकीट मिलमधल्या ओटोच्या भावाला देतो.

डेमियन: जाणार तुम्ही.

वेंडेल: नाही म्हटलं ना. चौतीस झाली, पुरे झाली.

डेमियन: माझ्यासाठी सामना सोडला, असं मला तुमच्याकडून नकोय. फार स्वस्तात सुटाल. तुमची जागा तिसऱ्या बेसकडे आहे, कठड्यापासून तीन ओळी. सामन्याआधी खेळाडू तिथे येतात, सह्या द्यायला. टावारेस येईल. पहिलाच दिवस आहे, तो तर तासभर आधीच येऊन उभा राहील. त्याला जाऊन सांगा.

वेंडेल: काय सांगू?

डेमियन: कोणी सांगितलं ते.

वेंडेल: तू फोन कर. मित्र तुझा आहे.

डेमियन: त्याने माझा नंबर बंद करून ठेवलाय. आणि चालू असता तरी मी काय सांगणार? तू नव्हतास रे, माझा बाप होता? हे माझ्या तोंडाने मी कोणाला सांगणार नाही. ते तुमचं आहे, तुम्ही सांगा. माझं जे आहे ते मी नंतर त्याला भेटून बोलेन.

वेंडेल: तिथे माणसं असतील. आजूबाजूला सगळे मला ओळखतात. ओटो असेल, ते मिलमधले सगळे.

डेमियन: मी त्याला बोललो तेव्हाही माणसं होती.

पॉलेट: जा, वेन.

वेंडेल: आणि तू? झोप काढ. आई दुपारी काहीतरी करेल. संध्याकाळी बसून बोलू.

डेमियन: मी चारला निघतोय. कोलंबसला. शाळेतल्या त्या ब्रायनच्या गोदामात माणसं हवीत, उद्या सकाळी ये म्हणालाय.

पॉलेट: उद्याच? आल्याला पाच तास नाही झाले.

डेमियन: इथे राहून काय करू, आई? गल्लीतला प्रत्येक जण विचारणार, हात कसा आहे?

वेंडेल: सामना चारला संपतो.

डेमियन: माहीत आहे.

वेंडेल: परतीच्या गर्दीत अर्धा तास जातो.

डेमियन: तेही माहीत आहे, बाबा. मी काही म्हणत नाहीये. वेळ सांगितली फक्त. तुम्हाला वेळ कळलेली बरी असते.

(दुपारी पाऊण वाजता. मैदानाचा तिसऱ्या बेसकडचा कठडा. आत सराव संपत आलेला.)

टावारेस: चेंडू इकडे टाका, लवकर, या थंडीत पेन चालत नाही… अरे! मिस्टर हुडाक!

वेंडेल: मी चेंडू नाही आणला. अभिनंदन, टावारेस.

टावारेस: हे बघा, नाव आहे पाठीवर! काल शिवलंय, अजून टोचतंय. माझी आई तिकडे अख्खी गल्ली गोळा करून टीव्हीपुढे बसलीय. तिला म्हटलं, अगं मी खेळणार नाही, बाकावर बसणार. तर म्हणते, बाक दाखवतील ना?

वेंडेल: दाखवतात. दुसऱ्या-तिसऱ्या इनिंगला एकदा वळवतात कॅमेरा.

टावारेस: तुम्हाला कसं काय सगळं माहीत असतं? तिला कळवतो. तुमच्या बाई कशा आहेत? ते भयंकर सूप करतात अजून?

वेंडेल: टावारेस, दोन मिनिटं आहेत?

टावारेस: डेमियनने पाठवलं असेल तर नाहीत.

वेंडेल: त्यानेच पाठवलंय.

टावारेस: मग नाहीत. तो मला काय म्हणाला, सांगितलं त्याने?

वेंडेल: चुगलखोर म्हणाला. कोपर विकलंस म्हणाला.

टावारेस: आणि पुढचं? ते नाही सांगितलं ना? म्हणाला, तुम्ही लोक पावाच्या तुकड्यासाठी भाऊसुद्धा विकाल. तुम्ही लोक. आमच्या देशाकडची सहा पोरं उभी होती तिथे. सहाही माझ्याकडे बघायला लागले. त्यातला एक अजून माझ्याशी नीट बोलत नाही. त्याला वाटतं, खरंच असेल.

वेंडेल: खरं नाही. ते मी सांगितलं होतं.

टावारेस: काय तुम्ही सांगितलं होतं?

वेंडेल: कोपराचं. पंचवीस चेंडूंचं, गोळ्यांचं. क्लबच्या माणसाला मी सांगितलं. फेब्रुवारीत.

टावारेस: तुम्ही म्हणजे… तुम्ही?

वेंडेल: मी. त्याला आजच कळलं. म्हणाला, तुम्ही जाऊन सांगा.

टावारेस: देवा रे. मिस्टर हुडाक, मला विचारलं होतं त्यांनी, माहीत आहे? शिबिराच्या दुसऱ्या आठवड्यात. तू त्याचे चेंडू झेलतोस, हात कसा वाटतो? मी म्हटलं, झकास. माझा हातमोजा पेटतो, म्हटलं.

वेंडेल: पेटत नव्हता.

टावारेस: कसला पेटतोय! उशी झेलल्यासारखं वाटायचं. तरी म्हटलं. माझी स्वतःची जागा अजून लोंबकळत होती, आणि तरी म्हटलं.

वेंडेल: खोटं बोललास.

टावारेस: हो, बोललो. तुम्ही खरं बोललात. आणि शिव्या मी खाल्ल्या.

वेंडेल: म्हणून तर आलो.

टावारेस: आजच यायचं होतं? उद्या यायचं, परवा यायचं. ऐंशी सामने आहेत या मैदानावर. आजचा दिवस मला एकदाच मिळणार होता. आता आई टीव्हीवर बघेल तेव्हा माझं तोंड असं असेल.

वेंडेल: हे माझ्या लक्षात नाही आलं.

टावारेस: नाही येणार. तो कुठे आहे?

वेंडेल: घरी. चारला निघतो, कोलंबसला. गोदामात काम मिळतंय.

टावारेस: चारला? मग तुम्ही सामना कसा बघणार?

वेंडेल: तू त्याला काही निरोप देतोस?

टावारेस: सांगा, ऐकलं म्हणून. माफ केलं असं सांगू नका, तुम्ही आपल्या मनाने जोडाल. ऐकलं, एवढंच.

वेंडेल: एवढंच सांगेन.

टावारेस: आणि आमच्या त्या पोरांना मी सांगेन, कोण होतं ते. तुमचं नाव घेऊन. चालेल?

वेंडेल: घे. पूर्ण नाव घे.

टावारेस: आणि कोपर? खरंच विचारतोय. कितपत वाईट आहे?

वेंडेल: ते त्यालाच विचार.

टावारेस: आता शिकलात.

वेंडेल: जा, बोलावतायत तुला. सगळे रेषेवर उभे राहिले. टोपी काढ, राष्ट्रगीत आहे.

टावारेस: तुम्ही बसा तुमच्या जागेवर, मिस्टर हुडाक. इथे उभं राहू देत नाहीत.

(थोड्या वेळाने. मैदानाचं बाहेर जायचं दार. आर्डिस तिथे तिकिटं तपासते.)

आर्डिस: हे काय, वेंडेल? स्वच्छतागृह त्या बाजूला. हा बाहेरचा रस्ता.

वेंडेल: माहीत आहे, आर्डिस. बाहेरच जायचंय.

आर्डिस: आत्ता? पहिली इनिंग चालू आहे. मघाशी मीच तिकीट फाडलं तुमचं. बरं वाटत नाहीये का? पांढरेफटक दिसताय. बसा त्या स्टुलावर, मी वर कळवते.

वेंडेल: बरा आहे मी. मुलगा घरी आलाय.

आर्डिस: डेमियन? अय्या, मग त्याला घेऊन नाही आलात? कसा आहे त्याचा… बरं, असू दे. यंदा म्हणतात काहीतरी होईल. तो टेक्ससचा डावखुरा कसा आहे हो? तुम्ही म्हणाल ते खरं.

वेंडेल: चांगला आहे. खूप चांगला आहे.

आर्डिस: आणि तुम्ही निघालात. पण हे बघा, बाहेर पडलात की आज परत आत घेता येत नाही. तुमच्यासाठीसुद्धा नाही. वर कॅमेरा लावलाय त्यांनी.

वेंडेल: नको घेऊ.

आर्डिस: थांबा, थांबा! ऐकलंत? काय ओरडतायत! आपलंच काहीतरी झालं. दोन पायऱ्या चढून बघून तरी जा.

वेंडेल: तू बघ, आर्डिस. मला तेवढं दार उघडून दे.